वाचलेला वेळ कोणाचा, झालेली चूक कोणाची?

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका डाळ मिलमध्ये सॉर्टेक्सपाशी उभे राहिले, तर शेजारच्या माणसाशी बोलायला त्याच्या कानाशी तोंड न्यावे लागते. वरून तूरडाळ उतरत्या पन्हळीवरून घरंगळत येते, कॅमेरे प्रत्येक दाण्याचे छायाचित्र टिपतात आणि जो दाणा काळा, डागी किंवा टरफल चिकटलेला वाटेल, त्याला बारीक नळीतून सुटलेली हवेची फुंकर बाजूच्या कप्प्यात उडवून देते. दाणा कॅमेऱ्यासमोर येणे, त्याचा निवाडा होणे आणि फुंकर सुटणे, हे सारे पापणी लवायच्या आत घडते. सॉर्टेक्स हे मुळात एका ब्रिटिश कंपनीचे नाव. पण झेरॉक्सप्रमाणेच ते आपल्याकडे यंत्रालाच चिकटले आहे.

हे यंत्र चालवणाऱ्या गृहस्थांना मिलमधले सगळे नाना म्हणतात. ते अधूनमधून रिजेक्शनच्या पोत्यात हात घालतात, मूठभर डाळ स्टीलच्या ताटलीत पसरतात आणि बोटाने एकेक दाणा बाजूला सारतात. ताटलीत चांगलीच डाळ जास्त दिसली, तर पडद्यावरची सेन्सिटिव्हिटी थोडी खाली घेतात. तयार मालात काळा दाणा सापडला, तर ती वर चढवतात. कामाच्या ठिकाणी कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजेच एआय, आल्यावर माणसे जशी वागतात तशी का वागतात, हे समजून घ्यायचे असेल, तर सुरुवात या ताटलीपासून करणे सोपे जाते.

रंगावरून दाणा निवडणाऱ्या जुन्या यंत्रांना नियम सांगावा लागे: अमुक इतक्यापेक्षा गडद दिसले, की उडवायचे. नव्या यंत्रांना नियम सांगत नाहीत, नमुने दाखवतात. चांगल्या दाण्यांची एक खेप आणि खराब दाण्यांची दुसरी खेप यंत्रातून सोडली जाते आणि त्या दोन ढिगांमधला फरक यंत्र स्वतःच हुडकून काढते. माणसाने नियम लिहिण्याऐवजी यंत्राने उदाहरणांवरून नियम काढावा, हा एआयचा गाभा आहे. त्यातून दोन गोष्टी ओघानेच येतात. एक तर एखादा दाणा यंत्राने नेमका का उडवला, हे चालवणाऱ्याला नेहमीच सांगता येत नाही. आणि दुसरे म्हणजे, ज्या मालाचे नमुने त्याला कधी दाखवलेच नाहीत, तो माल समोर आला की त्याचा अंदाज चुकतो. काढणीच्या वेळी पावसात सापडलेली तूर मिलमध्ये आली, की तिचा रंगच वेगळा असतो आणि मग नानांचा तो सगळा दिवस पडद्यासमोर जातो.

शिवाय चुका दोन प्रकारच्या असतात. चांगला दाणा बाहेर फेकला जाणे ही एक चूक आणि खराब दाणा आत राहणे ही दुसरी. नुसती सेन्सिटिव्हिटी फिरवून दोन्ही चुका एकदम कमी होत नाहीत. एक कमी केली, की दुसरी वाढते. पहिल्या चुकीचे नुकसान शेठच्या वजनात जाते, तर दुसरीचे बोलणे मुंबईच्या किंवा इंदूरच्या व्यापाऱ्याकडून फोनवर येते. कोणती चूक किती सोसायची, हे खरे तर धंद्याने ठरवायचे असते. पण ते क्वचितच कोणी स्पष्ट बोलून ठरवते, आणि मग ठरवल्याचे ओझे न सांगता चालवणाऱ्याच्या अंगावर येते. नानांनी ते पाच शब्दांत सांगितले: "चूक मशीननी, बोलणा मात्र माले."

एआयला कर्मचारी कसा प्रतिसाद देतात, यावर बरेच लिहिले गेले आहे आणि त्यातले पुष्कळसे लिखाण ‘भीती’ आणि ‘विरोध’ या दोन शब्दांपाशी थांबते. माझ्या समजुतीनुसार नानांच्या वाक्यात त्याहून अधिक अर्थ आहे. कामाला लागलेला माणूस नव्या यंत्राकडे पाहताना मनातल्या मनात एक खातेवही मांडतो. यंत्रामुळे वाचलेला वेळ कोणाच्या नावावर जमा होणार, आणि यंत्राची झालेली चूक कोणाच्या नावावर खर्ची पडणार, अशा तिच्या दोन बाजू असतात. या दोन नोंदी जशा पडतील, तसा त्याचा प्रतिसाद बदलत जातो.

डाळ निवडणाऱ्या यंत्राचे काम एकच आणि दिसणारे असते. कचेरीत आलेल्या एआयचे तसे नाही. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले आणि तेव्हापासून पत्र लिहिणे, मजकुराचा सारांश काढणे, भाषांतर करणे, हिशेबाची सूत्रे सांगणे अशी कामे करणारी साधने सामान्य कारकुनाच्या मोबाइलमध्ये येऊन बसली. त्यांच्याही मुळाशी नमुनेच आहेत, फक्त ते दाण्यांचे नसून मजकुराचे आहेत. अफाट मजकूर वाचून ही साधने एवढेच शिकतात, की एका शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे. "वांग्याचे भरीत आणि" एवढे लिहून वाक्य सोडले, तर बहुतेक मजकुरात पुढे ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी आली असेल. आपल्या खानदेशात मात्र तिथे कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी किंवा पुरी येते. साधन बहुमताच्या बाजूने बोलते. ते खोटे बोलत नसते, कारण खरे-खोटे तपासणे हे त्याचे मूळ कामच नव्हे. जे शोभेल ते पुढे लिहिणे हे त्याचे काम आहे, आणि बहुतेक वेळा जे शोभते ते खरेही असते, म्हणून तर ते उपयोगी पडते.

जिथे शोभणारे आणि खरे यांची फारकत होते, तिथे स्थानिक माणसाची गरज लागते. यावल-रावेर पट्ट्यातील एका कृषी सेवा केंद्रात शेतकऱ्यांच्या तक्रारींचे इंग्रजी टिपण करण्यासाठी असे साधन वापरून पाहिले गेले. एका टिपणात शेतकऱ्याची ‘कांद्याची बाग’ पिवळी पडत असल्याचे आले. शेतकरी बोलला होता ‘कांदेबाग’, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास लावलेली केळी. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेल्या केळीला मृगबाग म्हणतात. रोग केळीचा, औषध विचारायचे केळीचे आणि टिपण कांद्याचे! तिथल्या मुलीने ते तिथेच सुधारले. तिच्या वरिष्ठांना मात्र ही सुधारणा कुठेच दिसली नाही, कारण महिन्याच्या अहवालात ‘साधनाने केलेली टिपणे’ असा रकाना होता आणि ‘माणसाने दुरुस्त केलेली टिपणे’ असा नव्हता. तिची मेहनत यंत्राच्या खात्यावर जमा झाली.

या विषयावर झालेल्या संशोधनाचा धागा जुना आहे. अमेरिकी अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये असे मांडले, की नवे तंत्र माणूस स्वीकारेल की नाही, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: ते आपल्या कामाला उपयोगी आहे असे त्याला वाटते का, आणि ते वापरायला सोपे वाटते का. ही मांडणी आजही शिकवली जाते आणि ती चुकीची नाही. पण नोकरीच्या ठिकाणी ती अपुरी पडते. मोबाइलवरून पैसे पाठवायचे की नाही, हे माझे मी ठरवतो. मिलमध्ये सॉर्टेक्स बसवायचे की नाही, हे नाना ठरवत नाहीत. ज्याने निवड केलेली नाही, त्याला उपयोग आणि सोपेपणा यांच्यापलीकडचे प्रश्न पडतात.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील बर्कली डिएट्वोर्स्ट, जोसेफ सिमन्स आणि केड मॅसी यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग याहून जवळचे वाटतात. लोकांना अंदाज बांधायचे काम देऊन, एकीकडे गणिती पद्धत आणि दुसरीकडे माणूस, असे पर्याय ठेवले होते. गणिती पद्धत माणसापेक्षा कमी चुकत होती. तरीही तिला चुकताना एकदा पाहिल्यावर लोकांचा तिच्यावरचा भरवसा झपाट्याने उडाला. तशीच चूक माणसाने केली, तर ती लोक समजून घेत होते. हे वाचून अनेक व्यवस्थापक म्हणतात, की पाहा, माणसे अविवेकी असतात. पण त्याच तिघांनी २०१८ मध्ये पुढचा प्रयोग प्रसिद्ध केला. पद्धतीने दिलेल्या उत्तरात थोडासा फेरफार करण्याची मुभा दिली, की तीच माणसे ती पद्धत कितीतरी अधिक आनंदाने वापरू लागली, आणि ही मुभा अगदी मोजकी असली तरी चालत होती. म्हणजे अडचण यंत्र चुकते ही नव्हती. ते चुकत असताना आपल्याला हात घालता येत नाही, ही होती. नानांना पडद्यावरची सेन्सिटिव्हिटी फिरवता येते, म्हणून ते त्या यंत्राला शिव्या देत-देत का होईना, आपले मानतात.

आता खातेवहीची पहिली बाजू, वेळाची. स्टॅनफर्ड आणि एमआयटीमधील एरिक ब्रिन्योल्फसन, डॅनिएल ली आणि लिंडसे रेमंड यांनी ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या ५,१७९ कर्मचाऱ्यांचा अभ्यास २०२३ मध्ये मांडला. या कर्मचाऱ्यांना ग्राहकाशी लेखी संवाद करताना एआय उत्तरे सुचवत असे. तासाला सुटणाऱ्या तक्रारींचे प्रमाण सरासरी १४ टक्क्यांनी वाढले. नवख्या आणि कमी कुशल लोकांच्या बाबतीत ही वाढ ३४ टक्के होती, तर मुरलेल्या लोकांना फारसा फायदा झाला नाही. कारण उघड आहे. साधन शिकले होते ते मुरलेल्या लोकांच्याच जुन्या संवादांवरून. त्यांचे कसब नवख्यांपर्यंत पोचवण्याचे काम ते करत होते. वरून पाहता ही सुंदर गोष्ट आहे. पण वीस वर्षे काम करून मिळवलेले कसब दोन महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलाच्या पडद्यावर फुकट उमटताना पाहणाऱ्या माणसाला काय वाटेल, हे टक्केवारीत येत नाही. तो अडून बसला, तर त्याला ‘बदलाला विरोध करणारा’ म्हणणे सोपे असते. त्याच्या जागी बसून पाहिले, तर तो फक्त आपले बिल मागत असतो.

दुसरा अभ्यास हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि इतर संस्थांतील संशोधकांनी बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ७५८ सल्लागारांवर केला, तोही २०२३ मधलाच. एआयच्या आवाक्यातील कामांत ते साधन वापरणाऱ्यांनी १२ टक्के अधिक कामे केली, ती २५ टक्के वेगाने केली आणि दर्जाही चांगला ठेवला. पण आवाक्याबाहेरचे, तरी दिसायला तसेच असणारे एक काम त्यांना दिले, तेव्हा साधन वापरणाऱ्यांचे उत्तर बरोबर येण्याचे प्रमाण न वापरणाऱ्यांपेक्षा १९ टक्केबिंदूंनी कमी निघाले. आवाका कुठे संपतो, हे साधन स्वतः सांगत नाही; चुकीचे उत्तरही ते तितक्याच आत्मविश्वासाने देते. न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी एआयने रचलेले, प्रत्यक्षात अस्तित्वात नसलेले निवाडे न्यायालयात दाखल केले आणि जून २०२३ मध्ये त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. दंड वकिलांना झाला, साधनाला नाही. चूक कोणाच्या नावावर पडते, याचा याहून स्वच्छ दाखला शोधावा लागणार नाही.

हे आपल्याकडच्या एखाद्या कर सल्लागाराच्या कचेरीत आणून पाहू. बाजार समितीतील अडत्यांच्या पट्ट्या, हमाली-तोलाईच्या चिठ्ठ्या आणि दुकानांची बिले यांचे गठ्ठे तिथे महिन्याअखेरीस येऊन पडतात आणि त्यांची टॅलीत नोंद करणे हे दोन-तीन मुलांचे रोजचे काम असते. माझ्या माहितीतील अशा एका कचेरीने बिलाचा फोटो काढला, की रकमा आपोआप वाचणारे साधन घेतले. छापील बिले त्याने झटकन वाचली. हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांत मात्र मराठी ‘१’ इंग्रजी नवासारखा आणि मराठी ‘४’ इंग्रजी आठासारखा दिसतो, आणि त्यामुळे चौदाशे रुपयांची हमाली अठ्ठ्याण्णवशे होऊन बसली. नोंद करणाऱ्या मुलीला ती चूक नजरेने कळली, कारण तेवढ्या पोत्यांची हमाली इतकी होत नाही, हे तिला ठाऊक होते. हे ठाऊक असणे तिच्या कामाच्या वर्णनात कुठेही लिहिलेले नव्हते.

त्यानंतरची गोष्ट अधिक बोलकी आहे. साधनामुळे नोंदीचा वेळ निम्म्यावर आला, तेव्हा मालकांनी त्याच पगारात आणखी पक्षकारांची कामे त्या मुलांना दिली. यात मालकांचे फार चुकले असे मी म्हणणार नाही. साधनाचे वर्षाचे पैसे त्यांनाही भरायचे होते. पण दुसऱ्या महिन्यापासून मुले साधनाबद्दल तक्रारी करू लागली, ‘फार चुकते’ म्हणू लागली आणि वेग पुन्हा पूर्वीच्या जवळपास आला. साधन बिघडले नव्हते. आपल्या वाट्याला काही येत नसेल, तर वेग दाखवण्यात अर्थ नाही, हे मुलांना न सांगता कळले होते.

याचीच दुसरी बाजू म्हणजे चोरून वापर. पुष्कळ कचेऱ्यांत अधिकृतपणे एआय वापरत नाहीत, पण टेबलाखाली मोबाइलवर पत्राचा मसुदा तयार होत असतो. लपवण्याचे कारण आळस हे नसते. दोन तासांचे काम वीस मिनिटांत होते हे साहेबांना कळले, तर उद्या तसली सहा कामे येतील, हा साधा हिशेब त्यामागे असतो. हा हिशेब संस्थेला महागात पडू शकतो. २०२३ मध्ये सॅमसंगच्या काही अभियंत्यांनी कंपनीचा गोपनीय प्रोग्राम मदतीसाठी चॅटजीपीटीत टाकल्याचे उघड झाले आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात कंपनीने अशा साधनांच्या वापरावर बंदी घातली. आपल्याकडील पतसंस्थेच्या कारकुनाने सभासदाचा पॅन आणि आधार असलेला अर्ज ‘नीट मराठीत लिहून दे’ म्हणून साधनात टाकला, तर तोही त्याच जातीचा प्रकार आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अशा माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्या संस्थेवर टाकतो. उघड वापराला जागा आणि त्याचा मोबदला नसेल, तर वापर थांबत नाही, फक्त दिसेनासा होतो.

‘संगणक आले तेव्हाही लोक असेच ओरडत होते आणि काही बिघडले नाही’ असे या विषयावर हमखास ऐकू येते. हे अर्धे खरे आहे. १९६० च्या दशकात कोलकात्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणक बसू नये म्हणून इमारतीवर रात्रंदिवस पहारा दिला होता. बँकांमध्ये १९८३ मध्ये कर्मचारी संघटना आणि बँकांची संस्था असलेली इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात यांत्रिकीकरणाबाबत करार झाला आणि १९८४ मध्ये त्याच विषयावरील रंगराजन समितीचा अहवाल आला. त्यानंतर यंत्रे मर्यादित संख्येने, बोलणी करत-करत आली. म्हणजे जे सुरळीत झाले असे आज वाटते, ते ओरड झाली म्हणून सुरळीत झाले, ओरड फोल होती म्हणून नव्हे. आणि ‘काही बिघडले नाही’ हेही तपासून घ्यावे. २००० – ०१ मधील स्वेच्छानिवृत्ती योजनेत सार्वजनिक क्षेत्रातील बँकांमधून सुमारे एक लाख लोक बाहेर पडले. त्याचे एकमेव कारण संगणक नव्हते, पण लेजर लिहिणाऱ्या हातांची गरज उरली नव्हती, हेही नाकारता येणार नाही.

यंत्र चांगले असूनही काम का बिघडते, याचे मला सर्वांत शिकण्याजोगे वाटणारे उदाहरण शेजारच्या गुजरातेतील आहे, आणि धुळ्याचे यंत्रमाग किंवा अमळनेर-चाळीसगावच्या गिरण्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना ते लगेच ओळखीचे वाटेल. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५२ च्या सुमारास स्वयंचलित माग बसवले गेले. अपेक्षा मोठी होती. पण उत्पादन वाढेना आणि खराब कापडाचे प्रमाण कमी होईना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस १९५३ मध्ये तिथे गेले. सव्वादोनशेच्या आसपास मागांवर २९ माणसे काम करत होती आणि त्यांची कामे बारा प्रकारांत तोडलेली होती: विणणारा वेगळा, बॅटरी (मागाला बाण्याच्या कांड्या पुरवणारी पेटी) भरणारा वेगळा, तुटलेले धागे सांधणारा वेगळा, तेलवाला वेगळा, झाडणारा वेगळा. प्रत्येकाकडे मागांची संख्या वेगवेगळी असल्यामुळे कोण कोणाबरोबर काम करतो, हेच ठरलेले नव्हते. माग बंद पडला, तर तो सगळ्यांचा होता, म्हणजे कोणाचाच नव्हता.

राइस यांनी सुचवले ते यंत्राबद्दल नव्हतेच. ठरावीक मागांचा एक गट आणि त्याला एक छोटी टोळी, जी त्या मागांची सगळी कामे आपसांत वाटून करील, अशी ती कल्पना होती. ती कामगारांसमोर मांडल्यावर त्यांनी आणि पर्यवेक्षकांनी ती उचलून धरली, आणि टोळीत कोण-कोण असावे, हे कामगारांनीच ठरवले. सुरुवातीचे दिवस गडबडीचे गेले. नंतर उत्पादन वाढले आणि खराब कापड कमी झाले. माग तेच होते, सूत तेच होते, माणसेही तीच होती. इतक्या वर्षांनंतर एआयसाठी सल्लागार कंपन्या लाखो रुपये घेऊन जे सांगतात, त्यातला बराचसा भाग या विणकरांनी तेव्हाच करून दाखवला होता.

प्रशिक्षण हा शब्द मी अजून वापरलेला नाही, कारण तो फार सहज वापरला जातो. अमळनेरला २९ डिसेंबर १९४५ रोजी वनस्पती तुपासाठी स्थापन झालेली कंपनी आज विप्रो म्हणून जगभर ओळखली जाते. तिने जुलै २०२३ मध्ये एआयवर तीन वर्षांत १ अब्ज डॉलर गुंतवण्याचे आणि सुमारे अडीच लाख कर्मचाऱ्यांना एआयचे मूलभूत शिक्षण देण्याचे जाहीर केले. मोठ्या कंपनीला ते शक्य असते. पंधरा माणसांच्या मिलमध्ये ‘प्रशिक्षण’ म्हणजे यंत्र बसवायला आलेल्या इंजिनिअरने दोन दिवसांत हिंदीतून दाखवलेली बटणे. त्याचाही उपयोग होतो, पण कोणते बटण दाबायचे हे शिकणे आणि यंत्र केव्हा चुकत आहे हे ओळखणे, ही दोन वेगळी शिक्षणे आहेत. दुसरे शिक्षण डाळीचे आहे, यंत्राचे नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये यातील गोम दाखवून दिली होती. सोपे काम यंत्राकडे गेले, की माणसाकडे फक्त अवघड आणि क्वचित येणारे काम उरते, आणि रोजचा सराव सुटल्यामुळे नेमके तेच करण्याची त्याची क्षमता कमी होत जाते. नानांना डाळ कळते, कारण सॉर्टेक्सच्या आधी ती हाताने निवडली जायची आणि ते तिथेच वाढले. त्यांच्या जागी उद्या येणारा मुलगा ताटलीत काय पाहणार?

हाताने डाळ निवडणाऱ्या बायकांचा उल्लेख इथे करायलाच हवा. पोत्याच्या बारदानावर बसून, सूप आणि ताट घेऊन त्या दिवसाच्या रोजावर काम करत. रंगनिवडीची यंत्रे आली, तशा त्या कमी होत गेल्या. ‘कर्मचाऱ्यांचा प्रतिसाद’ असे आपण म्हणतो, तेव्हा प्रतिसाद विचारला जातो तो कामावर राहिलेल्यांना. कायदा या बाबतीत गप्प नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९ अ होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत कलम ४० आहे; यंत्रसामग्रीत किंवा कामाच्या पद्धतीत कामगारकपात होईल असा बदल करायचा असेल, तर २१ दिवस आधी नोटीस द्यावी, असे दोन्हीकडे म्हटले आहे. पण रोजंदारीवर आलेल्या बाईला ‘उद्यापासून येऊ नको’ एवढेच ऐकू येते, आणि ते सांगायला मुकादम पुरतो.

मालकाच्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे. डाळ मिलचा नफा किलोमागे पैशांत मोजला जातो, शेजारची मिल यंत्र घेते तेव्हा आपल्याला न घेऊन चालत नाही आणि कर्जाचा हप्ता कामगारांच्या भावना पाहून थांबत नाही. म्हणून यंत्र घेऊ नका, असे सांगण्यात अर्थ नाही. घेण्यापूर्वी चार माणसांना बसवून विचारण्यासारखे मात्र पुष्कळ असते. यंत्र चुकले तर पहिले बोलणे कोणाला बसणार. चूक दिसल्यावर ते थांबवण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार कोणाला असणार. माणसाने केलेली दुरुस्ती कुठे लिहिली जाणार. वाचलेल्या वेळातला किती भाग कामगाराला पगारात, सुटीत किंवा निदान लवकर घरी जाण्यात दिसणार? यांतल्या दोन-तीन प्रश्नांची उत्तरे आधी ठरली, तर बाकीचा ‘विरोध’ बऱ्याच अंशी आपोआप विरतो. न ठरली, तर कामगार ती आपापल्या परीने ठरवतात आणि ते मालकाला उशिरा कळते.

गेल्या हंगामात नानांच्या मिलमध्ये नवे यंत्र आले. त्याच्या सेटिंगला कंपनीचा पासवर्ड होता आणि बदल हवा असेल, तर फोन करून मागवायचा होता. आठवडाभरात दोनदा माल थांबला. शेठनी कंपनीशी भांडून नानांना ठरावीक मर्यादेत सेटिंग बदलण्याची परवानगी मिळवून दिली. नानांच्या खिशात एक छोटी वही असते. कोणत्या गावची तूर, कोरडी की भिजलेली, कोणत्या आकड्यावर नीट निवडली गेली, हे ते तीत पेन्सिलीने लिहितात. नंतर आलेल्या इंजिनिअरने ती वही चाळली, खूश झाला आणि यंत्राला शिकवायला उपयोग होईल म्हणून तिच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढू लागला. दुसऱ्या पानावर नानांनी वही त्याच्या हातातून हळूच काढून घेतली, मिटली आणि खिशात ठेवली. "पह्यले शेठसंगे बोली ल्या," ते म्हणाले, आणि ताटली घेऊन रिजेक्शनच्या पोत्याकडे वळले.